सातव्या पायरीवरची बीम

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात कुठलंही डिझाइन आधी पायांनी पास व्हावं लागतं. कॉम्प्युटरवर कितीही देखणं काढा, प्रिंटवर कितीही रंग भरा, सरांना त्याचं काही पडलेलं नसतं. ते एवढंच विचारतात, "फक्की टाकली का?"

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती. आमचं ऑफिस नागपूरच्या प्रताप नगरात एका दुमजली घरात आहे आणि वरची गच्ची आमच्या ताब्यात. घरातली जी जागा सगळ्यात अडचणीची असेल ती आम्ही गच्चीवर फक्कीने खऱ्या मापात आखतो. भिंती, दारं, ओटा, पलंग, सगळं. मग ज्यांचं घर त्यांना बोलवायचं, चपला काढायला लावायच्या आणि म्हणायचं, दहा मिनिटं राहून पाहा इथे. कोणी बाई रेघेच्या ओट्यापाशी उभी राहून हवेतच पोळ्या लाटते आणि म्हणते, "फ्रिजचं दार अडते इथं." की आम्ही खाली बसून रेघ झाडूने पुसणार, चार इंच सरकवून नवी मारणार. सहा वर्षं मी हेच शिकले. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी मोठमोठ्या फर्ममध्ये काचेच्या इमारती काढतात, आणि मी गच्चीवर उकिडवी बसून चुना उडवते. पण खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता. आमचं काम कधी चुकत नाही, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. कोणी माझ्या कामात बोट घातलं की मी फटकन बोलते. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

काम होतं एका अभ्यासिकेचं. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, विहाराच्या बाजूला जेमतेम पंधरा फूट रुंदीचा प्लॉट. खाली वाचायचा हॉल आणि वर मुलींसाठी वेगळी खोली. ही वरची खोली मागितली होती एका निवृत्त शिक्षिकेने. वस्तीत सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणते. बाईंचं म्हणणं सरळ होतं. दहावी झाली की पोरी अभ्यासाला यायच्या बंद होतात, कारण हॉल पोरांनी भरलेला असतो आणि घरात अभ्यासाला जागा नसते. "एक खोली द्या त्यांना, दार लावून बसता येईल अशी," त्या समितीच्या बैठकीत म्हणाल्या होत्या.

समितीच्या अध्यक्षांना ते पटलेलं नव्हतं. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, सहा फुटी, मोजून बोलणारे. वाईट माणूस नव्हता, पण प्रत्येक गोष्ट मशीनसारखी बसली पाहिजे हा हट्ट. त्यांनी बैठकीतच माझ्याकडे बोट करून सांगितलं, "पाहा म्याडम, जागा चिमूटभर हाय. जिना नीट बसला तं वरची खोली. नाई बसला तं वर काईच नाई. वाकडंतिकडं काम मले नाई पाह्यजे."

म्हणजे त्या पोरींची खोली माझ्या जिन्यावर अडकली होती. आणि सरांनी हे काम पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं.

अर्थातच आम्ही गच्चीवर जिन्याची फक्की टाकली. सपाट गच्चीवर जिना म्हणजे काय, तर एकापुढे एक वीस रेघा, शिडी आडवी पाडल्यासारख्या. बाई आल्या, साडीचा काठ धरून खरोखरच चढल्यासारखं एकेक पाऊल टाकत वीस रेघा चालून गेल्या. मग थांबून म्हणाल्या, "बेटा, जिना हॉलच्या आतून सुरू होतो. म्हणजे पोरींना सगळ्या पोरांच्या टेबलांमधून जावं लागेल. मग त्या येणारच नाहीत."

मला इतकं बरं वाटलं. फक्कीचा उपयोग म्हणतात तो हाच. मी तिथल्या तिथे झाडू घेतला, सगळ्या रेघा पुसल्या, जिना उलटा फिरवला. आता तो थेट दारातून सुरू होत होता. बाई पुन्हा चालल्या. सर एका टोकाला हाताची घडी घालून उभे. त्यांनी विचारलं, "पाय अडला का कुठी?" बाई म्हणाल्या, "नाही." सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "पास."

मी खाली उतरले ती हवेतच. आमचे ड्राफ्ट्समन काका टेबलाशी बसले होते. काका ड्रॉइंग बोर्डाच्या काळातले, सरांच्याही आधीपासून या धंद्यात. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. मी त्यांना बदललेला प्लॅन दिला. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "सेक्शन बदलला का वं?"

सेक्शन म्हणजे इमारत केकसारखी उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र. उंची फक्त त्यातच कळते. मी म्हणाले, "हो, करते."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मी फिस्कारले. "काका, बाई चालून गेल्या, सरांनी पास केलं, तुम्हाले काहून इतकी काळजी? तुम्ही आपलं बघा ना."

सगळ्यांसमोर बोलले. काकांनी चष्मा पुसला आणि काम सुरू केलं. सेक्शन मी काही काढला नाही. जिना उलटा झाला, आणि त्याच्यावरची स्लॅबची बीम जुन्या जिन्याच्या हिशोबाने होती तिथेच राहिली.

एप्रिलच्या शेवटी काम स्लॅबपर्यंत आलं. भिंती उभ्या होत्या, जिन्याच्या खालच्या दहा पायऱ्या भरून झाल्या होत्या, वर लाकडी फळ्यांवर सळया बांधून तयार. उद्या सकाळी सहाला काँक्रीट. मी दुपारी सळया तपासायला गेले. ऊन असं की सळईला हात लावला तर चटका. ठेकेदार डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरत होता. बाईही आल्या होत्या, उद्याच्या आधी एकदा वर जाऊन बघायचं होतं त्यांना.

बाई पुढे, मी मागे. चढता चढता बाईंनी मान खाली घातली, वाकल्या आणि त्या जागेतून पुढे गेल्या. मग सहज विचारलं, "ही लाकडं काढली की हे वर जाईल ना बेटा?"

"हो बाई, जाईल," मी म्हणाले. वर न बघता म्हणाले.

बाई पाहून, समाधानाने घरी गेल्या. मी उतरायला लागले आणि मला जाणवलं की मीही आत्ता वाकले. कालही वाकले होते. परवाही. साइटवर बल्ल्या, फळ्या, दोऱ्या असतातच, तिथे माणूस वाकतोच, त्यात काय पाहायचं. पण आता मी पाहिलं. डोक्यावर जी फळी होती ती नुसता आधार नव्हती, बीमचा तळ होती. फळी निघाली तरी बीम तिथेच राहणार होती.

मी टेप काढली. सातव्या पायरीपासून बीमपर्यंत पाच फूट. पुन्हा मोजलं. पाच फूट. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे.

मी तिथेच पायरीवर बसले. ठेकेदार खालून बघत होता. मी विचारलं, "तुम्ही रोज इथून जाता, काही लक्षात नाही आलं?"

"आमी तं आठ दिवसापासून वाकूनच जाऊन राहिलो म्याडम," तो म्हणाला. "आमाले वाटलं तुमचं डिझाइनच तसं हाय."

त्याच्यावर ओरडायचं तोंड मला नव्हतं.

स्कूटर काढली आणि ऑफिसकडे निघाले. बर्डीला व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर अडकले. वरून मेट्रो गेली, बाजूला कपड्यांचे ठेले, गर्दी, आणि मी हेल्मेटमध्ये वाक्यं जुळवत होते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, कोणी काढलं, कोणी तपासलं. 'काढलं' समोर काकांची सही होती. मी सरांना म्हणू शकत होते की काकांनी जुनीच बीम ठेवली आणि मी विश्वासाने तपासून टाकलं. काका उलटून बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि तो सिग्नल हिरवा होईपर्यंत राहिला. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

ऑफिसात पोचले तेव्हा काका एकटेच टेबलाशी होते. मी बॅग ठेवून म्हणाले, "काका, सातव्या पायरीवर पाच फूटच राहतेत."

त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी नुसती फाइल उघडली, पट्टी ठेवली, आणि म्हणाले, "सरले सांगितलं?"

सर आले. मी सांगितलं. मला वाटलं फाइल भिंतीवर आदळतील, ते तसं करतातही. पण ते सरळ जिना चढून गच्चीवर गेले. आम्ही दोघं मागे. गच्चीवर त्या जिन्याच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. सर सातव्या रेघेवर उभे राहिले आणि हात सरळ वर केला.

"इथं काय होतं वर?"

"काही नव्हतं सर. आकाश."

"मंग आपण पास काय केलं?"

सर म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांले पायाखाली पाहाले लावून राहिलो. मीबी नाई पाहिलं वर." मग आवाज चढला. "पण सेक्शन कुठी हाय? सेक्शन काहून नाई काढला? कोणी विचारलं नाई का ऑफिसात?"

काका खाली बघत होते. हाच तो क्षण होता. मी म्हणाले, "काकांनी विचारलं होतं सर. दोनदा. मी त्यांना सगळ्यांसमोर झिडकारलं. चूक माझी आहे."

"हे मले काहून सांगते? त्याइले सांग."

मी काकांकडे वळले. एवढी सहा वर्षं बडबड केली आणि तेव्हा 'माफ करा' एवढे दोन शब्द बाहेर यायला किती वेळ लागला. काका म्हणाले, "ठीक आहे बेटा. आधी बीम पाहू."

उपाय सरांनीच सुचवला. बीम स्लॅबच्या खाली लोंबण्याऐवजी स्लॅबच्या वर उभी करायची, उलटी. खाली डोक्याला जागा मिळते, वर खोलीत फूटभर उंचीचा कठडा तयार होतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरला फोन लावला. तो म्हणाला चालेल, सळयांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ बांधा, संध्याकाळपर्यंत स्केच पाठवतो. काकांनी मापं घातली. सातव्या पायरीवर सहा फूट एक इंच मिळत होते, प्लास्टर होईपर्यंत त्यातलंही थोडं जाणार होतं.

तोवर साइटवरचे सुतार आणि सळया बांधणारे घरी निघून गेले होते. मी अध्यक्षांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सकाळी येतो, पाहतो." फोन ठेवताना त्यांनी नेहमीसारखं जय भीमही म्हटलं नाही.

सकाळी सहाला गल्लीत काँक्रीटचं मशीन उभं होतं, टोपल्या घेऊन पंचवीसएक बायामाणसं, वस्तीतले लोक, पोरीही आलेल्या. वंदना झाली. सर एका बाजूला उभे होते. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, बोलायचं तू, मी फक्त सोबत. मी सगळ्यांसमोर अध्यक्षांना सांगितलं की बीम माझ्या चुकीने खाली आली आहे, आणि ती वर उचलायला तीन तास लागतील.

ते जिन्यात शिरले. सहा फुटी माणूस सातव्या पायरीवर कमरेत वाकला. तसाच खाली आला.

"जिन्यासाठी सोडलेलं भोक बुजवा," ते ठेकेदाराला म्हणाले. "स्लॅब पुरी टाका. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

बाई तिथेच होत्या. त्या अध्यक्षांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. काल याच बाईंना मी 'जाईल' म्हणाले होते. मागे पोरी उभ्या होत्या, त्यांच्यातली एक दुसरीच्या कानात काही बोलली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचाच. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही नऊपर्यंत थांबा. नऊला तुम्ही स्वतः चढून पाहा. वाकावं लागलं तर मी स्वतः भोक बुजवायला सांगते."

ठेकेदार कुरकुरला. गँगला दुपारून दुसऱ्या कामावर जायचं होतं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "नऊ म्हणजे नऊ."

मग जे सुरू झालं ते मला तुकड्यातुकड्यात आठवतं. सुतार खालची फळी सोडवत होता. सळयांचा सांगाडा उचलायचा तर तो स्लॅबच्या सळयांमध्ये अडकलेला, एकेक तार कापावी लागत होती. कोणीतरी मागे येऊन उभं राहिलं म्हणून पाहिलं तर आमचे काका. त्यांना कोणी बोलवलं नव्हतं. बाराही महिने साडेदहाला येणारा माणूस प्रिंट काखेत धरून फळ्यांवर चढला होता, आणि ऊन वाढत असताना उकिडवा बसून एकेका रिंगेचं अंतर मोजत होता. खाली लोकं टोपल्या उलट्या घालून त्यावर बसली होती. मशीनवाला दर दहा मिनिटांनी विचारायचा, "चालू करू का?" बाई विहाराच्या पायरीवर बसल्या होत्या. मी एकदा पाणी द्यायला गेले. त्यांनी ग्लास घेतला आणि तसाच बाजूला ठेवून दिला.

आठ चाळीसला सांगाडा एका टोकाला वर गेला आणि दुसऱ्या टोकाला गच्च अडकला. सुतार म्हणाला, होत नाही. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी माझ्या हातातली पक्कड काढून घेतली आणि म्हणाले, "तू खाली जा. चिडून काम नाई होत." आणि स्वतः वाकून पाहिलं. एक जुनी रिंग कोपऱ्यात राहून गेली होती. ती कापली.

नऊला दोन मिनिटं कमी असताना अध्यक्ष उठले. डोक्यावर उन्हाची पांढरी टोपी. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. सातव्या पायरीवर ते ताठ उभे राहिले आणि थांबले.

"टोपी घासते," ते म्हणाले.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात विहाराच्या पायरीवरून बाईंचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा, न ओरडता.

"मग टोपी काढून उभे राहा. वर मुली बसणार आहेत. त्यांच्यात सहा फुटी एकही नाही."

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, वर पाहिलं. बोटभर जागा होती. ते उतरले आणि मशीनवाल्याला म्हणाले, "चालू कर गा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. भिंत कोराडीच्या राखेच्या विटांची, माझ्या पाठीवर सगळा राखाडी डाग पडला. काका खाली आले तर त्यांच्याही शर्टाला तसाच डाग. मी म्हणाले, "काका, चहा?" ते म्हणाले, "पाज." बस, आमच्यात त्या विषयावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. फक्त नवीन प्रिंट निघाली तेव्हा त्या चौकोनात 'काढलं' समोर मी माझी सही केली.

त्यानंतर आमच्या गच्चीवर दोन उंच बांबू आले. आता फक्की टाकली की काका बांबूंना सुतळी बांधतात, जिथे जिथे वर बीम असेल तिथे, तेवढ्याच उंचीवर. लोक चालताना सुतळी कपाळाला लागते. सर हल्ली विचारतात, "डोकं अडलं का कुठी?"

अभ्यासिका सुरू झाली. वरच्या खोलीत त्या उलट्या बीमचा जो कठडा झाला त्यावर पोरी बसतात, पाय दुमडून, पुस्तक मांडीवर घेऊन. बसायला बाकं आहेत तरी तिथेच बसतात. ते बघून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या महिन्यात मी एका खिडकीची गळती बघायला गेले होते. बाई रोज चारला येतात, पोरींना इंग्रजी शिकवायला. आम्ही दोघी जिना चढत होतो. मी मागे होते. बाईंनी सातव्या पायरीवर मान खाली घातली, वाकल्या आणि पुढे गेल्या. वर सहा फूट जागा आहे. बाई पाच फूटही नसतील. याच पायरीवर मी त्यांना वर न बघता 'जाईल' म्हणाले होते.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, आता वाकायची गरज नाही."

"माहीत आहे बेटा," बाई म्हणाल्या, आणि जिन्याच्या भिंतीला धरून वर गेल्या.